'पाठलाग' : ओळखीचा एक खटला

रहस्यपट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. काळोखी रात्र, करकरणारे दार, टोपी पुढे ओढलेला इसम, कोठेतरी रक्ताचा थेंब आणि शेवटी पोलिसांची गाडी. असा चित्रपट घरातील वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून पाहावा आणि नंतर जेवताना त्याच्यावर सर्वांनी मिळून बोलावे, असे सहसा घडत नाही. मराठीत मात्र असा एक रहस्यपट होऊन गेला, जो आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी एकत्र पाहावा आणि तरीही ज्याने रात्री झोप उडवावी. तो म्हणजे राजा परांजपे यांनी दिग्दर्शित केलेला 'पाठलाग'. तो १९६४ मध्ये पडद्यावर आला. त्याला आता साठ वर्षे उलटून गेली. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनीही त्याची कथा बहुधा ऐकलेली असते, कारण दोनच वर्षांनी त्यावरून निघालेला 'मेरा साया' हा हिंदी चित्रपट भारतभर गाजला.

प्रस्तुत लेखात या चित्रपटाची स्तुती करावी एवढाच हेतू नाही. 'पाठलाग'मध्ये एक प्रश्न विचारला आहे. त्याचे उत्तर चित्रपटाने दिले, पण मला ते अपुरे वाटते. तो प्रश्न असा : एखाद्या स्त्रीला "मी मीच आहे" हे सिद्ध करायचे असेल, तर तिने पुरावा म्हणून काय पुढे करावे? या अंगाने चित्रपट पाहिला तर जुन्या काळची एक करमणूक एवढ्यावर तो थांबत नाही, असे मला वाटते.

(१) चित्रपट आणि त्याचे कर्ते

राजा परांजपे हे नाव घेतले की 'लाखाची गोष्ट', 'पेडगावचे शहाणे', 'ऊन पाऊस', 'जगाच्या पाठीवर' ही मालिका आठवते. घरगुती विनोद आणि घरगुती दुःख हे त्यांचे खास क्षेत्र. अशा दिग्दर्शकाने रहस्यपटाला हात घातला तेव्हा त्याने रहस्यही घरातच शोधले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चित्रपटाला आधार होता जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीचा. गीते ग. दि. माडगूळकरांची आणि संगीत दत्ता डावजेकरांचे. नायक डॉ. काशिनाथ घाणेकर. 'रायगडाला जेव्हा जाग येते' या नाटकातील त्यांचा संभाजी तेव्हा महाराष्ट्राच्या मनात ताजा होता. नायिका भावना. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून 'पाठलाग'ला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. १९६५ मध्ये तमिळमध्ये 'इदय कमलम' आणि १९६६ मध्ये हिंदीत राज खोसला दिग्दर्शित 'मेरा साया' अशी त्याची रूपे निघाली. एका मराठी कादंबरीतील कल्पना दोन वर्षांत दक्षिणेस आणि उत्तरेस पोहोचली, याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

रहस्यकादंबरीला आपल्याकडे साहित्यात मानाचे पान कधीच मिळाले नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्या मराठी माणसाने शेकड्यांनी वाचल्या, पण पाठ्यपुस्तकाच्या आत लपवून वाचल्या. आम्हांला ग्रामीण, दलित, ऐतिहासिक असे कादंबरीचे प्रकार शिकवले जातात. रहस्यकादंबरीचा उल्लेख आला तर एखाद्या ओळीत येतो. तेव्हा जी कादंबरी अभ्यासाच्या टेबलावर येत नाही, तिच्यातून निघालेल्या चित्रपटाचा अभ्यास करणे हे थोडे धाडसाचे आहे याची मला जाणीव आहे. परंतु मोठे प्रश्न नेहमी मोठ्या समजल्या जाणाऱ्या ग्रंथांतच असतात, असे थोडेच आहे?

(२) कथा

रहस्य फोडू नये हा शिष्टाचार आहे. पण साठ वर्षांनंतर आणि तीन भाषांत फिरून आलेले रहस्य फोडल्याबद्दल वाचक क्षमा करतील, असे समजून पुढे लिहिते.

एका नामांकित वकिलाची पत्नी आजाराने त्याच्या डोळ्यांदेखत मरण पावते. त्याने स्वतः तिचे अंत्यसंस्कार पाहिलेले असतात. तो शोकात बुडालेला असतानाच पोलिसांकडून एक विचित्र बातमी येते. दरोडेखोरांच्या टोळीबरोबर एक स्त्री पकडली गेली आहे आणि ती म्हणते, मी या वकिलाची बायको आहे. तो संतापाने तिला पाहायला जातो आणि थिजून उभा राहतो. समोर त्याच्या मृत पत्नीचाच चेहरा असतो. पुढे प्रकरण न्यायालयात उभे राहते. ती स्त्री त्याच्या घरातल्या, त्याच्या स्वभावातल्या, त्या दोघांखेरीज कोणाला ठाऊक नसाव्यात अशा गोष्टी एकामागून एक सांगत जाते. तो मात्र विश्वास ठेवू शकत नाही. ज्या चितेजवळ आपण उभे होतो ती खोटी कशी मानायची?

उकल अशी : पत्नीला एक जुळी बहीण होती. ती वाईट संगतीत सापडलेली होती आणि तिची माहिती पत्नीने घरात कधी दिली नव्हती. आसरा मागायला आलेली बहीण पत्नीच्या जागी घरात राहिली आणि पत्नी बहिणीच्या जागी टोळीच्या हाती लागली. जी वकिलाच्या घरात मेली ती बहीण, आणि जी आरोपी म्हणून उभी राहिली तीच खरी पत्नी.

भुताटकी नाही, खून नाही, अंगावर येणारी हाणामारी नाही. आपल्याच माणसाने आपल्याला ओळखले नाही तर, ही भीती लहान मुलालाही कळते आणि म्हाताऱ्या माणसालाही. म्हणूनच हा रहस्यपट कुटुंबाने एकत्र पाहण्याजोगा झाला. त्यातील संकट बाहेरून घरात शिरत नाही. घराच्या उंबरठ्यावर उभे राहून ते आत घ्या म्हणते.

(३) कादंबरीतून पडद्यावर

कादंबरीचा चित्रपट होताना काय बदलते, हा आपल्या अभ्यासाचा नेहमीचा विषय. येथे पहिला बदल नावाचा आहे. 'आशा परत येते' या नावातच परतीची बातमी आहे. कोणीतरी परत येणार हे वाचकाला मुखपृष्ठावरच सांगितले जाते. 'पाठलाग' हे नाव मात्र काही सांगत नाही, उलट चकवते. प्रेक्षक थिएटरात शिरताना पोलिसांनी चोराचा केलेला पाठलाग मनात धरून शिरतो. चित्रपट संपता संपता त्याच्या ध्यानात येते की खरा पाठलाग एका बायकोने स्वतःच्या घराचा केला. हिंदीत तेच नाव 'मेरा साया' झाले, म्हणजे माझी सावली. तीन नावे एका ओळीत मांडली तर एक गंमत दिसते. पहिल्या नावात स्त्री वाक्याची कर्ता आहे. ती स्वतः परत येते. दुसऱ्यात फक्त क्रिया उरली. कर्ता कोण ते सांगितलेले नाही. तिसऱ्यात तिची सावलीच तेवढी राहिली. नावे ठेवणाऱ्यांनी असा विचार केला असेल असे मी म्हणत नाही. पण नावे आपल्या पोटात काही ना काही धरून असतात.

दुसरा बदल माध्यमाचा. कादंबरीत "ती हुबेहूब तशीच दिसत होती" असे लेखक लिहितो आणि आपण लेखकाचे ऐकतो. ते एक विधान असते, आणि विधानावर शंका घेता येते. पडद्यावर मात्र एकाच अभिनेत्रीचा चेहरा आपल्यासमोर येतो. आपण डोळ्यांनी पाहतो. त्यामुळे नायकापेक्षा आपली अवस्था अधिक कठीण होते. एकीकडे आपण तिला ओळखतो, दुसरीकडे तिच्या मृत्यूलाही आपणच साक्षी असतो. कादंबरीचा वाचक न्यायाधीशासारखा दूर बसून साक्षी वाचतो. चित्रपटाचा प्रेक्षक स्वतःच साक्षीदार होऊन पिंजऱ्यात उभा राहतो.

तिसरी भर गाण्याची. कागदावरच्या शब्दाला आवाज नसतो. 'पाठलाग'मध्ये आशा भोसले यांच्या आवाजातील ते डोळ्यांच्या पाखरांचे गाणे आजही जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांत हमखास ऐकू येते. आपली नजर पाखरू होऊन प्रिय माणसाभोवती फिरत राहील, असा त्याचा भाव. कथा कळण्यापूर्वी ऐकले तर ते प्रेमगीत वाटते. कथा कळल्यावर तेच गाणे साक्ष वाटू लागते. याच चित्रपटात दुसरे एक ठसकेबाज गाणे आहे. त्यात एक स्त्री आपल्या माणसाला चारचौघांत परिचय उघड करू नये अशी लाडिक विनवणी करते. ज्या कथेत नायिका "मला ओळखा हो" म्हणून टाहो फोडते, तिच्यात "मला ओळखू नका" असे गाणे असावे, हा माडगूळकरांच्या लेखणीचा खेळ म्हणावा की योगायोग? मला तरी त्यात योजना दिसते.

(४) परत आलेले पुरुष

'पाठलाग'चे वेगळेपण नीट कळायचे असेल तर परत आलेल्या माणसांच्या जुन्या कथा आठवाव्या लागतील. मराठी माणसाला 'तोतया' हा शब्द परका नाही. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले. परंतु मृत्यूची खात्री सर्वांना पटली नाही. पुढे सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊसाहेब म्हणून उभा राहिला. त्याच्यामागे माणसे जमली, कोकणात बंड झाले आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक यावरच आहे. या सर्व काळात भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य स्वीकारले नाही. त्या सौभाग्यचिन्हे ल्यायलेल्याच राहिल्या.

बंगालमधील भवालच्या जमीनदारीचा खटला असाच. मधले कुमार रमेंद्रनारायण रॉय १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारले असे समजले गेले. १९२१ मध्ये डाक्क्यात एक संन्यासी प्रकटला आणि लोक त्याला कुमार म्हणू लागले. १९३० मध्ये दावा दाखल झाला, १९३६ मध्ये निकाल संन्याशाच्या बाजूने लागला, आणि तो थेट १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत कायम राहिला. कुमारांच्या पत्नी बिभावतीदेवी यांनी मात्र त्याला अखेरपर्यंत पती म्हणून ओळख दिली नाही. फ्रान्समध्ये सोळाव्या शतकात मार्टिन गेर नावाच्या शेतकऱ्याच्या जागी दुसराच माणूस येऊन राहिला. त्याच्या बायकोने त्याला काही वर्षे नवरा मानले. १५६० मध्ये खटला चालू असताना खरा मार्टिन दारात हजर झाला आणि तोतया फासावर गेला.

तिन्ही ठिकाणी परत येणारा पुरुष आहे. त्याच्यामागे गादी, जमीनदारी किंवा शेत आहे. त्याला ओळखणारे किंवा नाकारणारे सैनिक, कारभारी, कुळे, भाऊबंद असे शेकडो लोक आहेत. आणि घरातील स्त्रीच्या वाट्याला साक्षीदाराचे काम आले आहे.

'पाठलाग'ने हा डाव उलटवला. येथे स्त्री परत येते आणि पुरुषाने ओळख द्यायची आहे. तिच्यामागे ना गादी, ना जमीन, ना कुळे. तिला मागायचे आहे ते एक घर, आणि त्या घराची चावी एकाच माणसाच्या हातात आहे. भवालच्या कुमाराला पत्नीने नाकारले तरी तो खटला जिंकू शकला. 'पाठलाग'च्या नायिकेला पतीने नाकारले की तिच्यापाशी काही उरत नाही.

(५) तिचा पुरावा

आता न्यायालयातील प्रसंगाकडे वळू. नायिका पुरावा म्हणून काय सांगते? पतीच्या सवयी, पतीच्या आवडी, पतीच्या घराचा कानाकोपरा, पतीने एकांतात उच्चारलेले शब्द. तिची सारी ओळख म्हणजे तिला त्याच्याविषयी असलेले ज्ञान. तू कोण, तुला काय आवडते, तू काय शिकलीस, तुझ्या हातात कोणती कला आहे, हे तिला कोणी विचारत नाही. बरे, पतीविषयीचे ज्ञान दुसऱ्या कोणीही चोरून मिळवू शकते, असा युक्तिवाद झाला की तिचा पुरावा फोल ठरतो. कारण तो पुरावा मुळात तिचा नव्हताच. तो त्याच्याविषयीचा होता.

रहस्यपटाच्या भाषेत सांगायचे तर ही उत्तम कोंडी आहे. समाजाच्या भाषेत सांगायचे तर ते एक कटू सत्य आहे. बोटांचे ठसे ओळखण्याचे शास्त्र आपल्याकडे १८९७ पासून कलकत्त्यात सुरू झालेले होते. मग ठसे का घेतले नाहीत, असे एखादा चिकित्सक प्रेक्षक विचारील. परंतु ठसे जुळवायला आधीचा ठसा लागतो. त्या काळी सरकारदप्तरी ठसे असायचे ते गुन्हेगारांचे. सरळमार्गी गृहिणीचा ठसा कोठे असणार? तिने कोठेच खूण ठेवलेली नसते. आणि सोज्वळपणा म्हणतात तो हाच, असे तिला लहानपणापासून शिकवलेले असते.

हा चित्रपट मी आईबरोबर पाहिला. आम्ही घाटकोपरच्या डोंगराळ वस्तीत राहतो. आईचे शिक्षण गावी चौथीपर्यंत झाले आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. साहित्याच्या चर्चेत आईने भाग घ्यावा असा प्रसंग आमच्याकडे क्वचितच येतो. न्यायालयातील सवाल-जवाब रंगात आले असता ती मध्येच म्हणाली, "अगं, एवढं विचारत बसण्यापेक्षा तिला भाकरी थापायला बसवायची. पहिल्याच भाकरीत कळलं असतं."

मी आधी हसले. नंतर वाटले की एवढे मर्मावरचे बोट मला कोणत्याही परीक्षणात मिळाले नसते. चेहरा जुळ्या बहिणींचा एक असू शकतो, माहिती चोरता येते; पण वर्षानुवर्षे केलेले काम हातात उतरलेले असते. एकीची भाकरी दुसरीसारखी होत नाही. तो पुरावा सर्वस्वी तिचा असतो. तो मागायला मात्र ना पोलिसांना सुचले, ना नामांकित वकील असलेल्या नवऱ्याला. कारण रोज ताटात पडणारी भाकरी कोणाच्या हातची आहे याकडे खाणाऱ्याचे लक्ष नसते.

(६) आजचे खटले

कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. आता आधार आहे. महाराष्ट्राला तर त्याचा विशेष अभिमान, कारण देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावात दिले गेले. जुळ्या बहिणींच्या बोटांचे ठसेसुद्धा एकमेकींशी जुळत नाहीत. तेव्हा 'पाठलाग'ची नायिका आज यंत्रावर बोट ठेवील आणि पाच मिनिटांत घरी जाईल. चित्रपट मध्यंतरापूर्वीच संपेल.

इतके सोपे आहे का? आमच्या वस्तीतील ज्या बायका धुणीभांडी करतात, सिमेंट कालवतात, त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. धान्याच्या दुकानातील यंत्रावर त्यांचे बोट एकदा, दोनदा, पाचदा ठेवले तरी लागत नाही. आईच्या बाबतीत हे अनेकदा घडले आहे. ज्या कामामुळे तिचा हात हजार हातांत ओळखता यावा, त्याच कामामुळे यंत्र तिला ओळखत नाही. हा विरोधाभास कोणत्याही रहस्यकादंबरीपेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहिण्याची चाल आहे. आडनाव तर बदलतेच, कित्येकदा पहिले नावही बदलते. कायदा तशी सक्ती करीत नाही, चाल करते. आईचेही तसेच झाले. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे. माझ्या शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या वेळी ही दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे पटवून द्यावे लागले. एका कार्यालयात तीन खेपा झाल्या, तीन दिवसांची मजुरी बुडाली, आणि शेवटी "सदर दोन्ही नावे माझीच आहेत" अशा अर्थाच्या प्रतिज्ञापत्रावर आईने सही केली. टेबलापलीकडचे गृहस्थ काही वाईट नव्हते. त्यांना कागद हवा होता. समोर उभी असलेली बाई हा कागद नव्हता.

तेव्हा मला 'पाठलाग'मधला पिंजरा आठवला. एकाच स्त्रीला स्वतःची जुळी बहीण ठरवण्याची सोय आपण लग्नमंडपातच करून ठेवतो. माहेरची एक आणि सासरची एक. मग एकीने दुसरीची साक्ष काढत हिंडायचे.

या बाबतीत अगदीच अंधार आहे असे नाही. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला. त्यानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलामुलींच्या सरकारी कागदपत्रांत नाव लिहिताना आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव येते. आईचे नाव मुलाच्या नावात आले, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि विवाहित स्त्रीसाठी स्वतःचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव ही जुनी चाल तशीच ठेवली आहे. म्हणजे आईचे नाव मुलाजवळ पोहोचले. तिचे स्वतःचे नाव तिच्याजवळ परत यायचे बाकी आहे.

(७) जिचा खटला चाललाच नाही

शेवटी चित्रपटाच्या एका उणिवेविषयी लिहिणे आवश्यक वाटते. नायिकेची सुटका होते, पती तिला ओळखतो, प्रेक्षक डोळे पुसतो. परंतु या आनंदात एका स्त्रीचा सर्वांनाच विसर पडतो. ती म्हणजे मेलेली जुळी बहीण.

तिच्या वाट्याला काय आले पाहा. जिवंतपणी तिचे नाव बहिणीच्या घरात उच्चारले जात नव्हते. ती मेली ती दुसरीच्या नावाने. तिच्यासाठी जे अश्रू ढाळले गेले ते दुसरीसाठी होते. रहस्य उलगडल्यावर ते अश्रूही परत घेतले गेले. पत्नी जिवंत आहे हे कळल्याचा आनंद झाला. पण मग मेली ती कोण, तिच्यासाठी कोणी दोन शब्द बोलावेत की नाही, हा प्रश्न चित्रपटाने विचारला नाही. एक बहीण सर्वगुणसंपन्न आणि दुसरी पतित, अशी वाटणी करून टाकली की हिशेब सोपा होतो. चांगलीला घर मिळते आणि वाईट आपोआप नाहीशी होते. कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याजोगा चित्रपट करताना कुटुंबाबाहेर पडलेल्या बाईला जागा देणे १९६४ मध्ये अवघड गेले असेल. 'मेरा साया'मध्ये उदयपूरचे वैभव आले, मदनमोहन यांची अवीट चाल आली, बाजारातील झुमक्याचे नृत्य आले. पण या बहिणीची बाजू तेथेही आली नाही.

नव्या पिढीतील कोणी ही कथा पुन्हा पडद्यावर आणणार असेल तर त्याने या बहिणीपासून सुरुवात करावी, असे मला सुचवावेसे वाटते. रहस्य तेच राहील. फक्त शेवटी दोघींनाही आपापले नाव मिळेल.

समारोप

'पाठलाग' हा चित्रपट चांगला की वाईट, याचा निकाल प्रेक्षकांनी साठ वर्षांपूर्वीच दिला आहे. माझे म्हणणे एवढेच की त्यातील खटला अजून चालू आहे. तो पडद्यावर चालतो तेव्हा आपण श्वास रोखून पाहतो. तोच धान्याच्या दुकानात, बँकेच्या खिडकीपाशी, दाखल्यांच्या रांगेत चालतो तेव्हा आपण घड्याळ पाहतो. राजा परांजपे यांनी घरातील माणसाला घरातीलच माणसाविषयी शंका घ्यायला लावली आणि अखेरीस त्या शंकेचे निरसन केले. ते निरसन जुळ्या बहिणीच्या युक्तीने झाले. आपल्या घरातील निरसनाला अशी युक्ती उपलब्ध नाही. तेथे माणसाकडे नीट पाहावेच लागते.

माझ्या विद्यार्थी मैत्रिणींनो आणि मित्रांनो, हा चित्रपट जमेल तेव्हा घरच्या सर्वांबरोबर पाहा. पाहून झाल्यावर आईला तिचे लग्नापूर्वीचे पूर्ण नाव विचारा आणि ते आपल्या वहीत लिहून ठेवा. आपल्यापैकी किती जणांना ते न विचारता लिहिता येईल, हे ज्याने त्याने आपल्याशी तपासावे. आणि वर्गातील ज्या मुलींची लग्ने उद्या-परवा ठरतील, त्यांनी तांदळाच्या ताटापुढे बसण्याआधी एवढे जरूर सांगावे की माझे नाव मला पाठ आहे, ते बदलण्याची गरज नाही.